केसपेपरवरच्या दोन ओळी

माझ्या पाठदुखीला डॉक्टरांनी 'गादी सरकलीय' म्हणत कमरेला पट्टा दिला आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय, हे मी दर भेटीत सांगत होते. पाय बधिर झाले तेव्हा कुठे दुसरीकडे एमआरआय काढला. निघाला मणक्याचा क्षय. मग शस्त्रक्रिया, क्षयाची लांबलचक औषधं आणि शाळेतून बिनपगारी रजा.

घरात दोन तट पडले. दीर म्हणाले, 'पोलिसांत जाऊ.' सासूबाई म्हणाल्या, 'जीव वाचला ना, सोडून दे.' पोलिसांकडे जाणं वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत बाजूला ठेवलं. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की, डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो. आम्हाला शिक्षा नको होती, खर्च भरून हवा होता. त्यासाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 पासून पक्कं आहे. सर्वांवर मोफत उपचार करणारं रुग्णालय मात्र त्यात येत नाही.

पण निदान चुकलं म्हणजे डॉक्टर दोषी, असं कायदा मानत नाही. हे पचायला मला वेळ लागला. तीच लक्षणं समोर असताना सर्वसाधारण कुशल डॉक्टरने काय केलं असतं, एवढंच तिथे पाहतात. माझ्या केसपेपरवर डॉक्टरांच्याच अक्षरात दोन ओळी होत्या: संध्याकाळचा ताप, वजन कमी. खाली ना रक्ततपासणी, ना साधा एक्स-रे. आमचा सगळा दावा या दोन ओळींवर उभा राहिला. नुसतं 'मी तोंडी सांगितलं होतं' म्हणून भागलं नसतं.

म्हणून आधी कागद. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. आम्हाला 'फाईल सापडत नाही' असं सांगून परत पाठवलं. मग लेखी अर्ज दिला, प्रतीवर पोच घेतली. फाईल लगेच सापडली! मूळ कागद मात्र कुणाच्याही हाती देऊ नका, वकिलाच्यासुद्धा. झेरॉक्स द्या.

मुदत दोन वर्षांची. 'कळलं तेव्हापासून मोजा' हा युक्तिवाद दरवेळी चालत नाही. गोव्यातल्या एका परिचारिकेच्या पोटात 1993 च्या शस्त्रक्रियेत राहिलेला गॉजचा तुकडा 2002 साली निघाला. इतकी वर्षं पोट दुखत असताना तपास का केला नाही, असं विचारत सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. मला तो निकाल कठोर वाटतो, पण आहे तो असा आहे.

दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत मिळवणं सर्वांत जड गेलं. खासगीत सगळे हळहळत, लिहून द्यायला कुणी तयार नाही. व्ही. किशन राव खटला तिथे उपयोगी पडला. मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा लागतोच असं नाही, असं 2010 च्या त्या निकालात म्हटलंय. तरी मत मिळालं तर घ्याच. आम्हाला शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलं.

खर्चाची धास्ती नको. तक्रारीचं शुल्क तुम्ही रुग्णालयाला भरलेल्या रकमेवर ठरतं. पाच लाखांपर्यंत काहीच नाही. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे तारखांना परजिल्ह्यात जावं लागलं नाही. वकिलाची फी मात्र आधी ठरवून घ्या.

निकाल आमच्या बाजूने लागला, पण मागितलं तेवढं मिळालं नाही. शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेला पगार मंजूर झाला. घरी ठेवलेल्या बाईचा पगार आम्ही रोख देत होतो, पावती नव्हती, तो गेला. समोरचे आता राज्य आयोगात अपिलात गेलेत. त्यासाठी मंजूर रकमेच्या निम्मे पैसे त्यांना आधी भरावे लागले, तेवढाच आम्हाला दिलासा.