बॉबकॅटची गळती: आधी शोध, मग पाना

गाडी रात्रभर उभी होती आणि सकाळी खाली ताटाएवढा डाग. ऑपरेटर लगेच सांगतो, "टिल्टचा सिलिंडर गेलाय." डाग खरा असतो, सिलिंडर मात्र बहुतेक वेळा अंदाज असतो. मी स्वतः या अंदाजावर एकदा आख्खा दिवस घालवला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची गाडी होती. बकेटच्या सिलिंडरवरून तेल ठिबकत होतं, म्हणून सिलिंडर काढला, नवं सील किट टाकलं, संध्याकाळी गाडी दिली. दुसऱ्या दिवशी तोच डाग. तेल येत होतं वरून, बूमच्या आतल्या अंगाला क्लॅम्पपाशी घासलेल्या होजमधून. तिथून ओघळून ते सिलिंडरवर उतरायचं आणि त्याच्या टोकाला थेंब धरायचा. तेव्हापासून माझा नियम असा की गळती डोळ्यांनी दिसल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, छोट्या लोडरला सगळे बॉबकॅटच म्हणतात. या गाडीचा जन्म टर्कीच्या कोंबडवाड्यातला. अमेरिकेत मिनेसोटातल्या केलर बंधूंनी १९५७ साली एका टर्कीपालकासाठी, खुराड्यातल्या खांबांमधून वळून घाण काढता यावी म्हणून तिचा पहिला नमुना बनवला. अडचणीत वळायचं म्हणून गाडी लहान, आणि लहान म्हणून पंप, वॉल्व्ह, मोटर, पाईप सगळं एकमेकांच्या उरावर. गळती शोधणं अवघड जातं ते याच दाटीमुळे.

साहित्य फार नाही. जाड पुठ्ठा, हातभर लांब काठी, कॉटन वेस्ट, डिझेल किंवा डीग्रीझर, चांगली टॉर्च, मार्कर, होजची तोंडं बंद करायला प्लग आणि कॅप, दोन पाने (एकाने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा) आणि डोळ्यांना चष्मा. चष्मा खिशात नाही, डोळ्यांवर.

आता सुरक्षिततेचं, आणि हे वाचून पुढे पळू नका. या गाड्यांच्या कामाच्या लाईनमध्ये दाब सर्रास २०० बारच्या वर असतो, चाकं फिरवणाऱ्या लाईनमध्ये त्याहून बराच जास्त. कातडी फोडून तेल आत जायला ७ बारच्या आसपासचा दाब पुरतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी पिचकारी डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवून गळती शोधणारा फिटर म्हणजे बोट पणाला लावणारा फिटर. तेल आत गेलं तर जखम डास चावल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. काही तासांत बोट सुजतं, आतलं मांस मरायला लागतं. अशा वेळी घरी हळद लावून बसू नका. तडक मोठ्या हॉस्पिटलात जा आणि "दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तेलाच्या डब्याचा फोटो सोबत न्या. ही शस्त्रक्रियेची केस असते, मलमपट्टीची नव्हे.

दुसरा धोका बूमचा. शक्य ते काम बूम जमिनीवर टेकवूनच करा. उचलावाच लागला तर गाडीबरोबर आलेला बूमचा लोखंडी आधार लावा. ऑपरेटर सीटवर बसून राहील, दुसरा माणूस बाजूने आधार बसवेल, मग बूम हळूच त्यावर टेकवायचा. जॅक, लाकडाचा ठोकळा, "दोन मिनिटांचं तर काम" यातलं काहीही चालणार नाही.

मग इंजिन बंद करून दाब सोडा. लिव्हर किंवा जॉयस्टिक सगळ्या दिशांना चार-पाच वेळा फिरवा. विजेवर चालणारे जॉयस्टिक असलेल्या गाडीत चावी चालू ठेवल्याशिवाय वॉल्व्ह उघडतच नाहीत, तिथे नुसती लिव्हर हलवून दाब सुटला असं समजाल आणि फसाल. ॲटॅचमेंटच्या क्विक कप्लरमध्ये दाब वेगळा अडकून राहतो, तो गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे सोडा. टाकीचं झाकण शेवटी, तेही सावकाश. तेल गरम असेल तर थांबा.

आता धुणं. गळती शोधण्याचं अर्धं काम इथेच होतं. पोटाखालची प्लेट उघडा. तिथे महिनोन्महिने तेल, वाळू, बगॅस साचलेला असतो आणि पोटातली कुठलीही गळती याच प्लेटच्या सगळ्यात खालच्या भोकातून बाहेर पडते, म्हणून जमिनीवरच्या डागावरून काहीच कळत नाही. हा तेलकट कचरा सायलेन्सरजवळ पेटतोही. तो खरवडून काढा, गाडी धुवा, हवा मारून कोरडी करा. वायरिंगच्या जोडांवर पाण्याचा फवारा सरळ मारू नका.

धुण्याआधी मात्र एक मिनिट टॉर्च घेऊन बघा, कारण वाळू साक्ष देते. फाउंड्रीतल्या किंवा आरएमसी प्लांटवरच्या गाडीत जिथे ओल आहे तिथेच धूळ काळी होऊन जाड बसते. सगळ्यात वरची ओली जागा मार्करने खुणवा. तेलाचा रंगही पाहा. काळं असेल तर इंजिनचं, मधासारखं असेल तर बहुधा हायड्रॉलिक, वास मारत असेल तर डिझेल. इंजिन ऑइलच्या गळतीवर हायड्रॉलिकचं सील किट आणलेले लोक मी पाहिलेत.

गाडी कोरडी झाली की दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल तापवा, कारण थंड, घट्ट तेल बारीक फटीतून येत नाही. मग संशयाच्या जागांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरा. ऑपरेटर सीटवर, तुम्ही बाजूला उभे, बूमखालीही नाही आणि बूमच्या दोन्ही हातांच्या मध्येही नाही. एका वेळी एकच काम: आधी नुसतं इंजिन, मग बूम, मग बकेट, मग ॲटॅचमेंटची लाईन. जे काम चालू असताना पावडर ओली होते, त्याच लाईनमध्ये गळती. जागा लक्षात आली की काठीला बांधलेला पुठ्ठा होजच्या कडेने फिरवा, पिचकारी असेल तर पुठ्ठ्यावर रेघ उमटेल. एवढ्यानेही सापडलं नाही तर टाकीत चमकणारा डाय बाटलीवरच्या मापाने टाका आणि तासाभराने अंधारात अतिनील टॉर्चने बघा.

एक गळती अशी की बाहेर थेंबही पडत नाही. टाकीतल्या तेलाला फेस येतो, पंप कण्हतो, बूम दचके खात चढतो. ही पंपाकडे तेल ओढणाऱ्या लाईनची गळती, इथे तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. त्या लाईनच्या जोडावर थोडं तेल सोडा. आवाज क्षणभर बदलला तर जोड सापडला. क्लॅम्प आवळा किंवा तो पाईपच बदला.

दुरुस्ती जोडापासून सुरू करा, ती स्वस्त असते. पण पाना घेऊन सुटू नका. शंकूवर बसणारं फिटिंग (जेआयसी) गळत असेल आणि आवळूनही थांबत नसेल तर आणखी आवळल्याने ते चिरतं. उघडा, शंकूवर ओरखडा आहे का बघा, स्वच्छ करा, हाताने बसेल तितकं बसवा आणि मग पान्याने नटाची एक ते दीड बाजू फिरवा. नट आणि फिटिंगवर मिळून मार्करची रेघ ओढा, पुढे सैल झालं तर रेघ सरकलेली दिसेल. तोंडावर ओ-रिंग असलेल्या जोडात रिंग बदला, डाउटी वॉशर असेल तर वॉशर बदला. आणि टेफ्लॉन टेप नळवाल्याला परत द्या. या जोडांमध्ये सील करण्याचं काम आट्यांचं नसतंच, आणि टेपचे तुकडे थेट वॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात.

होज गळत असेल तर बदलायचाच. टेप, रबराची पट्टी, क्लॅम्प, सगळं व्यर्थ आणि धोक्याचं. जुना होज दुकानात नेऊन "असाच द्या" म्हणू नका, त्यावरचा छापील मजकूर वाचा. अर्ध्या इंचाचा एका जाळीचा होज (एसएई १०० आर १) १३८ बारचा असतो, दोन जाळ्यांचा (आर २) २४१ बारचा. दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ, पण २०० बारच्या लाईनवर पहिला टाकलात तर तो कधी ना कधी फुटणारच. लांबी तेवढीच ठेवा, ताणून बसवू नका, दाबाखाली होज आखडतो. पीळ पडू देऊ नका: वर छापलेली रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे. प्रेस करून आणलेल्या होजमध्ये कापताना पडलेला रबराचा भुगा असतो, तो हवेने उडवल्याशिवाय जोडू नका. आणि मुख्य म्हणजे जुना होज कुठे घासला ते शोधा. क्लॅम्पचा रबर गेला असेल तर तो आधी बसवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही परत त्याच बूमखाली.

सिलिंडर खरंच गळत असेल, म्हणजे रॉड पुसून चार वेळा चालवल्यावर ग्लँडपाशी तेलाचं कडं उमटत असेल, तर काढा. पिन सुटली, होज सुटले, तोंडं लगेच प्लगने बंद. ग्लँड उघडून रॉड हाताने ओढा. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन बाहेर काढू नका, रॉड तोफगोळ्यासारखा सुटतो. जुनी सीलं काढण्याआधी क्रम आणि तोंड कुठल्या दिशेला आहे याचा फोटो घ्या. मग रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवं सील टाकून उपयोग नाही, आधी रॉड घासून क्रोम करून आणा. वाकलेला असेल तर रॉडच बदला. फाउंड्रीच्या गाडीत बाहेरचं वायपर सील आधी मरतं, त्यातून वाळू आत शिरते आणि मग आतलं सील जातं, तेव्हा किरकोळ समजून वायपर जुनाच ठेवणारा माणूस पुढच्या किटचे पैसे आजच भरतो. नवं सील कोमट हायड्रॉलिक तेलात भिजवा, काजूच्या आकारात दुमडून खाचेत सोडा आणि बोटाने किंवा लाकडी काडीने बसवा. स्क्रू ड्रायव्हर लागला की ओठ कापलाच. ओठाचं तोंड तेलाच्या दाबाकडे, म्हणजे आत. पिस्टनचा नट पुस्तकातल्या टॉर्कला, अंदाजाने नाही.

पंपाच्या किंवा चाकाच्या मोटरच्या शाफ्ट सीलबद्दल एवढंच: ते वरचेवर जात असेल तर सीलला दोष देऊ नका. केस ड्रेनची लाईन चेपली आहे का, तिचा फिल्टर तुंबला आहे का ते बघा, कारण आतला दाब वाढला की सील बाहेर येणारच.

सगळं बसल्यावर बूम खाली, बकेट सपाट, टाकीत कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल. संथ वेगावर, बिनवजनाने, प्रत्येक सिलिंडर पूर्ण आत-बाहेर पाच-सहा वेळा चालवा, हवा निघून जाईल. पातळी पुन्हा बघा. सांडलेलं आणि काढलेलं तेल गटारात नको, ते नियमाने धोकादायक कचऱ्यात मोडतं, परवाना असलेल्या रिसायकलरला द्या.

मालक म्हणेल, एवढंसं पाझरतंय, चालू द्या. त्याला हिशेब दाखवा: वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे आठ तासांच्या पाळीत जवळजवळ दीड लिटर.

गाडी लगेच देऊ नका. दहा तास काम झाल्यावर मार्करच्या रेघा तपासा, मग उभ्या गाडीखाली कोरा पुठ्ठा टाका आणि नंतर उचलून बघा. कोरडा असेल तर बिल करा.