श्वासाचं दारं धरताना

प्रश्न : रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजून घरी येतो, पण झोप लागत नाही. विपश्यनेबद्दल ऐकलंय, पण शिबिरासाठी दहा दिवस घर सोडणं आत्ता जमणार नाही. घरीच डोळे मिटून बसलो, तर पाच मिनिटांत सोसायटीचं कर्ज, कारखान्याचं बिल, पोरीची फी, सगळं डोक्यात येतं. मन रिकामं कसं करायचं? आणि आम्ही बौद्ध नाही, चालेल का?
– एक वाचक, आष्टा

उत्तर : मन रिकामं करायचंच नाही. बुद्धांनी सांगितलेला पाली शब्द आहे ‘सति’, म्हणजे स्मरण, जाग. आपण सहज विचारतो, ‘ध्यानात आलं का?’ तेच हे ध्यान. कर्ज आठवलं हे तुमच्या ध्यानात आलं, तिथेच साधना झाली.

तुम्ही दारं धरता म्हणून सांगतो. पाणी सरी फोडून भलतीकडे गेलं, तर त्याला शिव्या घालत बसत नाही. खोऱ्यानं माती ओढता आणि पाणी पुन्हा सरीत घेता. रात्रीतून वीस वेळा फुटलं, तर वीस वेळा. श्वासाचंही तसंच. पाठ ताठ ठेवून बसा, मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर. नाकपुडीशी श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढं जाणा. तो लांब करू नका, रोखू नका. याला आनापान म्हणतात. सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ. मात्र रात्रपाळीहून आल्या आल्या बसू नका, डुलकी लागेल. झोप झाल्यावर, चहाआधी बसा.

धर्माचं म्हणाल, तर विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका म्यानमारमधल्या मारवाडी हिंदू कुटुंबातले. अर्धशिशीनं बेजार होऊन ते 1955 मध्ये विपश्यनेचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. नुसत्या डोकेदुखीसाठी यायचं असेल तर येऊ नका, असं गुरूंनी त्यांना आधी बजावलं होतं. 1969 मध्ये गोएंकांनी ही विद्या भारतात आणली, पुढे इगतपुरीला केंद्र उभं राहिलं. तिथे कुणाला धर्म बदलावा लागत नाही. आणि ही विद्या आपल्या भागाला परकी तरी कुठे आहे? कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात भिक्खूंच्या खोल्या आजही आहेत. एकदा मुलांना घेऊन जा.

एक मात्र कळकळीनं सांगतो. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ध्यान हा औषधाचा पर्याय नव्हे.

शिबिरासाठी इगतपुरीपर्यंत जायची गरज नाही. हातकणंगले तालुक्यात आळते इथे ‘धम्मालय’ केंद्र आहे. शिबिराला फी नसते; राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं. नाव आधी नोंदवावं लागतं, पहाटे चारला उठावं लागतं आणि मौन पाळावं लागतं. ऊस कारखान्याला गेला की जाऊन या. तिथेही पहिले तीन दिवस श्वासच पाहायचा असतो. तोवर घरची दहा मिनिटं चुकवू नका.