वत्सात्कोसाहेबांनी मला काय शिकवलं

नोकरीनिमित्त प्रागला आले आणि चेक भाषा कानावर पडावी म्हणून जुने चेक चित्रपट बघायला लागले. बघता बघता यिर्झी सेक्वेन्स या दिग्दर्शकाच्या डिटेक्टिव्ह विनोदपटांपाशी रेंगाळले. १९६८-६९ मध्ये सेक्वेन्स यांनी टेलिव्हिजनसाठी ‘प्राग शहरातली पापी माणसं’ ही तेरा भागांची मालिका केली. आधार होता यिर्झी मारेक यांच्या गुन्हेकथांचा. मालिका एवढी गाजली की त्याच पात्रांना घेऊन १९७० आणि १९७१ मध्ये चार चित्रपट निघाले. ‘प्येनिच्का आ पाराप्लीच्को’ हा त्यांतला माझा लाडका. ‘एक्सेल्सियर हॉटेलातला खून’ आणि ‘काळ्या राजाचा मृत्यू’ हेही त्याच कुळातले. काळ दोन महायुद्धांच्या मधला. हे चित्रपट मी पुन्हा पुन्हा बघते. त्यातून जे हाती लागलं, ते सांगते.

१. आधी मालिका बघावी, मग चित्रपट

प्राग पोलिसांचं खुनांचा तपास करणारं पथक आपल्या ओळखीचं आहे, असं हे चित्रपट धरूनच चालतात. प्रमुख आहेत वत्सात्कोसाहेब. हाताखाली म्राझेक, ब्रूझेक आणि बोउशे हे तीन इन्स्पेक्टर. कोण साहेबांपुढे किती बोलू शकतो, कुणाची चोरांच्या वस्तीत जास्त ऊठबस आहे, हे सगळं मालिकेत ठरून गेलं आहे. म्हणून चित्रपटात साहेबांनी कागदावरून नजर नुसती वर उचलली तरी बघणारे हसतात. मालिकेचे दोन-चार भाग डोळ्यांखालून गेले असतील, तर ही मजा आपल्यालाही मिळते.

२. विनोदाला गंभीर माणूस लागतो

वत्सात्को झाले आहेत यारोस्लाव मार्वान. तरुणपणी ते व्लास्ता बुरियान या धमाल विनोदवीराच्या नाटक कंपनीत होते. बुरियान रंगमंच डोक्यावर घ्यायचे, आणि समोर मार्वान खांबासारखे उभे. ती सगळी कमाई या भूमिकेत उतरली आहे. साहेब कुणाला हसवायला जात नाहीत. मान ताठ, आवाज खर्जातला, आणि हाताखालच्या माणसाने वेडगळ तर्क मांडला की उत्तर देण्याआधी क्षणभर शांतता. त्या शांततेत हसू फुटतं. बोउशे झालेले फ्रान्तिशेक फिलिपोव्स्की म्हणजे लुई द फ्युनेस या फ्रेंच विनोदी नटाचा चेक आवाज. आरडाओरडा त्यांच्या हातचा मळ होता. पण इथे ते गोल टोपी घालून, नेमस्तपणे, साहेबांच्या मागे एक पाऊल ठेवून चालतात. हातात असलेलं सगळंच वापरायचं नसतं, हे मी या दोघांकडून शिकले.

३. चोराला नाव असतं, हे विसरू नये

‘प्येनिच्का आ पाराप्लीच्को’ या चित्रपटाचं नावच गुन्हेगारांच्या जगातल्या टोपणनावांवरून आहे. यिर्झी हर्झान यांनी रंगवलेला प्येनिच्का हा तिजोऱ्या फोडणारा. मारेक यांच्या जगात तिजोरीफोड्या हा कसबी माणूस असतो. त्याला कसबाचा अभिमान असतो आणि रक्त सांडणं त्याला कमीपणाचं वाटतं. पोलीस त्याला नावानिशी ओळखतात, त्याच्या हाताची सफाई ओळखतात, पकडतात तेव्हाही अहो-जाहो करतात. म्हणून खून झाला की तो दोन्ही बाजूंना लागतो. पोलीस संतापतात, आणि चोरही. तपास पुढे सरकतो तो या ओळखीपाळखीवर. असे प्रसंग बघताना खुनी कोण हा प्रश्न माझ्यापुरता मागे पडतो. हे लोक एकमेकांशी कसे वागतात, याकडे लक्ष राहतं.

४. काळ दोनदा मोजावा

माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा धडा हा. जुन्या काळावरचा चित्रपट बघताना गोष्ट कधी घडते हे बघावं, तसं चित्रपट कधी बनला हेही बघावं. गोष्ट आहे पहिल्या प्रजासत्ताकातली. १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. १९३८ मध्ये म्युनिक कराराने त्याचे लचके तोडले गेले. मधली वीस वर्षं लोकांनी जिवापाड जपून ठेवली. आणि चित्रपट आले ते १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर. त्या वेळच्या प्रेक्षकाने पडद्यावर काय पाहिलं असेल? कायदा पाळणारा पोलीस अधिकारी. पुरावा नसेल तर माणसाला सोडून देणारा, वरच्यांपुढे न वाकणारा. मार्वान यांचा जन्म १९०१ चा. तो काळ त्यांनी स्वतः जगला होता. वत्सात्को या पात्रामागेही प्राग पोलिसांतले योझेफ वान्यासेक हे खरे अधिकारी होते. म्हणजे हे स्वप्नरंजन नव्हतं. आपल्याकडे असं होतं, ही आठवण होती. ती उघडपणे सांगणं अवघड असताना विनोदाने ती घरोघरी पोचवली.

५. त्याच दिग्दर्शकाचं पुढचं कामही बघावं

सेक्वेन्स यांनी १९७० च्या दशकात ‘मेजर झेमानच्या तीस केसेस’ ही मालिका केली. तीही पोलिसांचीच, संगीतकारही तेच, झ्देन्येक लिश्का. पण इथला पोलीस कम्युनिस्ट सत्तेचा शिपाई आहे आणि सत्तेचे विरोधक म्हणजे गुन्हेगार. १९९९ मध्ये चेक टेलिव्हिजनने ती पुन्हा दाखवली तेव्हा वादळ उठलं. सोबत खरा इतिहास सांगणारे माहितीपट दाखवावे लागले. दोन्ही मालिका बघितल्यावर मला एक गोष्ट लख्ख कळली. कसब तेच राहतं, पण ते कुणाच्या पदरी आहे यावर त्याची किंमत ठरते. झेमानमध्ये हसू जवळजवळ नाही, याचं कारणही तेच. ज्या पोलिसाचं कधी चुकतच नाही, त्याच्याबरोबर हसता येत नाही.

६. गल्ल्या पायाखालून घालाव्यात

जुन्या प्रागमधला बार्तोलोम्येइस्का हा रस्ता पोलिसांचा. कम्युनिस्ट राजवटीत त्याचं नाव काढलं तरी लोकांच्या पोटात गोळा यायचा, कारण गुप्त पोलिसांच्या चौकशा तिथे चालत. त्या रस्त्यावरून चालून आल्यावर वत्सात्कोसाहेबांची सभ्यता मला अधिक मोठी वाटू लागली.

७. वडीलधाऱ्यांबरोबर बघावं

शेजारच्या आजींना यातले संवाद तोंडपाठ आहेत. कुठे हसायचं हे मला त्यांच्यामुळे कळलं, आणि कुठे त्या गप्प होतात हेही. मी एकदा विचारलं, खरे पोलीस असे होते का? त्या म्हणाल्या, “सगळे नसतील. पण असे असावेत, हे तर आम्हाला ठाऊक होतं ना!” परक्या देशाचा विनोद समजून घ्यायचा असेल, तर तिथल्या लोकांना कशाची आस होती हे आधी विचारावं. हसण्याचं कारण बहुतेक तिथेच सापडतं.