गर्भवतीचा खोकला

एचआयव्हीचा विषाणू शरीराचा पहारेकरीच मारतो. मग चोरांना दार मोकळे. रक्तातील सीडी-४ पेशी घटल्या की एरवी दबून राहणारे जंतू उचल खातात. त्यांनी केलेल्या रोगांस संधिसाधू संसर्ग म्हणतात. आपल्या देशात त्यांत पहिला मान क्षयाचा.

स्त्री गर्भवती असली म्हणजे हा क्षय ओळखणे अवघड जाते. थकवा, बारीक ताप, अन्नावरची वासना उडणे, ही लक्षणे घरातील वडीलधाऱ्या बायका 'दिवस गेले की असे व्हायचेच' म्हणून सोडून देतात. वजन तर फारच फसवे. क्षयाने अंग झिजते. पण वाढता गर्भ ते झिजणे झाकून टाकतो. म्हणून अशा स्त्रीचे वजन पुरेसे न वाढणे हेच आम्ही धोक्याचे चिन्ह मानतो. खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम, या चार गोष्टी प्रत्येक तपासणीत विचारल्या जातात. त्यांत एक जरी आढळली तरी थुंकी तपासून घ्यावी. पोट झाकून छातीचा एक्स-रेही काढता येतो.

'बाळाला बाधेल' म्हणून औषधे बंद करणे, हा वेडेपणाच होय. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, एथाम्बुटॉल गर्भवतीस देता येतात. टाळायचे ते स्ट्रेप्टोमायसिन. त्याने बाळ बहिरे होऊ शकते. रिफाम्पिसिन हे डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरील औषधाचे बळ कमी करते. म्हणून ती गोळी डॉक्टर दिवसातून दोनदा देतात. यास्तव क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवणे अगत्याचे. तोंडात पांढरी बुरशी आली तर दुकानातून परस्पर फ्लुकोनॅझोल आणू नये. पहिल्या तीन महिन्यांत मोठ्या मात्रेत ते गर्भास अपायकारक ठरू शकते.

पहारेकरी पुन्हा उभा करतात त्या एचआयव्हीवरील गोळ्या. २०१४ पासून भारतात प्रत्येक बाधित गर्भवतीस त्या जन्मभर देण्याचे धोरण आहे, आणि सरकारी एआरटी केंद्रात त्या मोफत मिळतात. उपचाराविना शंभरांतील १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. उपचाराने हे प्रमाण ५ च्या खाली येते. एकादशी असो वा रोजा, गोळी चुकू नये.

सीमाभागात आणखी एक गोष्ट घडते. बेळगावची सून बाळंतपणाला कोल्हापूरला माहेरी जाते. बरोबर डिंकाचे लाडू जातात, कागद मात्र लपून राहतात. निघण्यापूर्वी केंद्रात सांगून पुरेशा गोळ्या आणि माहेरच्या केंद्रासाठी चिठ्ठी घ्यावी. तिच्या संमतीवाचून तिचा आजार चारचौघांत सांगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, हे सासर-माहेर दोघांनीही ध्यानात ठेवावे.