कामगाराची करसूट आणि रिटर्न

आपल्या बोरगाव मेघेतून वर्धेच्या कारखान्यांत, दुकानांत व दवाखान्यांत कामाला जाणारे अनेक सभासद आहेत. बँकेच्या काउंटरवर दरवर्षी एकच प्रश्न येतो, "भाऊ, मले टॅक्सच लागत नाही, मंग रिटर्न कायले भरू?" यातील पहिला भाग पुष्कळदा खरा असतो. दुसरा भाग मात्र पैसे बुडवतो.

आयकर कायदा, १९६१ मध्ये कलम ८७-अ हे २०१३ साली आले. तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नास २,००० रुपयांची सूट होती. २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नावर नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत ६०,००० रुपयांपर्यंत सूट आहे. जुनी पद्धत घेतल्यास ५ लाख व १२,५०० एवढीच. ही सूट उत्पन्नावर नसून करावर आहे, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. आधी कर काढावा लागतो, मग तो माफ होतो.

समजा, एका कामगाराचा वार्षिक पगार ६,७५,००० रुपये आहे. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाता ६ लाख उरतात. त्यास मुदत ठेवीचे ६०,००० व्याजही मिळाले. एकूण उत्पन्न ६,६०,००० झाले. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, उरलेल्या २,६०,००० वर ५ टक्क्यांनी १३,००० कर. तो ८७-अ खाली पूर्ण माफ. परंतु वर्षाचे व्याज ५०,००० च्या वर गेल्याने बँकेने १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये आधीच कापलेले असतात. ते रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. शिवाय उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्याने रिटर्न सक्तीचेच आहे. पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै. ती चुकल्यास वरील कामगारास ५,००० रुपये विलंब शुल्क, म्हणजे परतावा जवळजवळ तिथेच संपला. माझ्या मेहुण्याचे एकदा असेच झाले. फॉर्म १६ ट्रंकेत जपून ठेवला होता!

नव्या करपद्धतीत लॉटरीच्या बक्षिसावरील करास ही सूट नाही. खोट्या वजावटी दाखवून मोठा परतावा आणून देणारे एजंटही फिरतात. नोटीस आली की ती आपल्याच नावाने येते.

रिटर्न भरण्यापूर्वी कापलेली रक्कम फॉर्म २६-एएस मध्ये दिसते का, पॅन आधारशी जोडलेले आहे का आणि परताव्याचे बँक खाते पोर्टलवर प्रमाणित आहे का, हे पाहावे. भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करावी.