व्यायामोत्तर आहार व मांसधातुपोषण : पावडरीच्या डब्याआधीचा विचार

आष्टी तालुक्यातील कडा व परिसरातून माझ्याकडे येणाऱ्या तरुणांत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पुरुष उमेदवारांच्या मैदानी परीक्षेत १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि ७.२६० किलोचा गोळा फेकणे असते. गोळ्यासाठी खांदे-दंड बळकट हवेत म्हणून पहाटे धावणारा मुलगा सायंकाळी व्यायामशाळेत वजने उचलतो. शेजारच्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले, आपल्याच तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे. ही उदाहरणे डोळ्यांसमोर असल्याने उत्साह पुष्कळ असतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, पावडर कोणती घेऊ?"

असाच एक बावीस वर्षांचा, ६० किलो वजनाचा तरुण दौर्बल्याची तक्रार घेऊन आला. व्हे प्रोटीनचे दोन मोठे चमचे तो रोज घेत होता. व्यायाम व कृशता पाहून मी अश्वगंधा चूर्ण घृत-दुग्धासह दिले. पंधरा दिवसांनी तो अधिकच म्लान होऊन परतला : उदरगौरव, आध्मान, साम जिह्वा, अन्नाचा तिटकारा. चूक माझी होती. मी धातूकडे पाहिले, अग्नीकडे पाहिले नाही. मंदाग्नीवर एका गुरु द्रव्याच्या जोडीला मी दुसरे गुरु द्रव्य दिले होते. दोन्ही बंद करून मुद्गयूष, ताक व शुंठी यांवर ठेवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याला खरी भूक लागू लागली.

मग दिनचर्या विचारली, जी पहिल्याच दिवशी विचारावयास हवी होती. पहाटे उपाशी धावणे, नंतर चहा-खारी, दुपारी भाकरी-ठेचा, सायंकाळी व्यायाम, रात्री उशिरा पुन्हा भाकरी व पातळ कालवण. घरी दोन म्हशी. दूध मात्र सगळे संकलन केंद्रावर. घरातील दूध विकून त्याच पैशांत दुधाच्या निवळीचे चूर्ण विकत आणण्याचा हा व्यवहार आपल्या भागात अपवादात्मक नाही.

वजने उचलल्यानंतर स्नायूंतील प्रथिनांचे विघटन व निर्मिती दोन्ही वाढतात. उपाशी राहिल्यास विघटनाचे पारडे जड राहते. आहारातून अमिनो आम्ले, विशेषतः ल्युसीन, मिळाल्यावर ते निर्मितीकडे झुकते. ही वाढीव निर्मिती किमान २४ तास, नवशिक्यात त्याहूनही अधिक काळ टिकते. म्हणून अर्ध्या तासात डबा न उघडल्यास व्यायाम वाया जातो, ही समजूत निराधार आहे. दिवसभरातील एकूण मात्रा महत्त्वाची. ती तीन-चार आहारकालांत विभागली तर उत्तम. क्षीरदधि, केदारीकुल्या व खलेकपोत न्यायांतून आपण शिकलेला विचार याहून फार दूर नाही : धातूला पोषण मिळते ते आहाररसातून, आणि आहाररस सिद्ध होतो तो अग्नीने.

प्रमाणाविषयी स्पष्ट असावे. सामान्य प्रौढास भारतीय आहारमानकांनुसार (२०२०) शरीरभाराच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजनांचा व्यायाम करणाऱ्यास सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत लाभ दिसतो, त्यापुढे फारसा नाही. म्हणजे या तरुणास ९५ ग्रॅमच्या आसपास. ज्वारीचे पीठ ३०० ग्रॅम (३०), दूध अर्धा लिटर (१६), मटकी ६० ग्रॅम (१३), तूरडाळ ४० ग्रॅम (९), शेंगदाणे ५० ग्रॅम (१२), दही एक मोठी वाटी (६), दोन अंडी (१२) : बेरीज ९८. अंडी वर्ज्य असल्यास ५० ग्रॅम फुटाणे घ्यावेत. ज्वारीत लायसीन कमी असते, ते डाळ व दूध भरून काढतात. भाकरी-ठेच्यात ही पूर्ती नाही; भाकरी, उसळ आणि ताकात आहे. उडीद बल्य खरा, परंतु गुरु व बहुमल. अग्निबल पाहूनच द्यावा.

व्यायामाची मात्राही विचारावी. वाग्भटाने बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसही शीतकाळी व वसंतातच अर्धशक्ती व्यायाम सांगितला आणि सुश्रुताने बलार्धाची लक्षणे दिली. आमचे तरुण मात्र वैशाखात उपाशीपोटी पूर्णशक्ती लावतात.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी थोडे स्पष्ट लिहितो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय परीक्षणात ३६ प्रथिनचूर्णे तपासली गेली. सुमारे ७० टक्क्यांत प्रथिनांविषयीची माहिती दिशाभूल करणारी होती, काहींत अफ्लाटॉक्सिनही आढळले. त्यांत वनौषधी मिसळलेली चूर्णेही होती. 'आयुर्वेदिक' शब्द डब्यावर असल्याने आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. अश्वगंधेचेही तसेच. २०१५ मधील एका चाचणीत ५७ तरुण पुरुषांपैकी अश्वगंधा गटास ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा आठ आठवडे दिल्यावर व्यायामासह बलवृद्धी अधिक दिसली. मात्र अर्काने यकृतविकार झाल्याची वृत्तेही अलीकडे नोंदली गेली आहेत. कामलेचा इतिहास असणाऱ्यास ती सहज म्हणून देऊ नये.

डबा मागणाऱ्या तरुणास भूक कशी लागते, मलप्रवृत्ती कशी आहे, काल दिवसभरात काय खाल्ले, एवढे दुकानातच विचारता येते. दूध पचत नसेल तर साध्या व्हे चूर्णातील दुग्धशर्कराही आध्मान करते. वृक्कविकार ज्ञात असल्यास प्रथिनवृद्धीचा सल्ला तज्ज्ञांशिवाय देऊ नये. आणि एकाएकी अतिव्यायाम करून तीव्र अंगदुखीसह गडद, काळ्या चहासारखी मूत्रप्रवृत्ती सांगणारा रुग्ण आला, तर स्नायूंचा विघात होऊन वृक्कांना धोका असतो. त्यास काढा देत न बसता त्याच दिवशी नगर किंवा बीडच्या रुग्णालयात पाठवावे.