घण, ताव आणि टायटॅनियम

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने धातूंवर लिहावे, हे काहींना खटकेल. पण माझे घर लोहाराचे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रकच्या जुन्या पाट्यांचे कोयते आम्ही घडवितो. गेल्या वर्षी भट्टीचा पंखा फिरविता फिरविता मी पुस्तकात गुंगलो, ताव उतरला आणि वडिलांच्या घणाखाली कोयत्याच्या कडेला चीर गेली. गिऱ्हाईक दारात बसलेले. वडील काही बोलले नाहीत, तेच मला अधिक लागले. त्या चिरेचा माग काढीत मी टायटॅनियमच्या संमिश्रांपर्यंत पोहोचलो.

एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वजन ७.८७ ग्रॅम, तर टायटॅनियमचे अवघे ४.५. त्याच्या भुकटीत टायटॅनियम डायबोराइड मिसळून खूप तापविले, की दोहोंच्या संयोगाने धातूच्या पोटातच बोराइडच्या बारीक, कठीण सुया तयार होतात. धातू अधिक ताठ होतो, पण घडविणे अवघड होते. ताव कमी असताना दाब दिला, तर भोवतालचा धातू सरकू पाहतो आणि सुई वाकत नाही, मोडते. मोडल्या जागी पोकळी राहते. पोकळ्या जुळल्या की चीर. आमच्या कोयत्यात सुया नव्हत्या, पण ताव उतरल्यावर मारलेला घाव तोच!

मग भरपूर तापवावे? तेही नाही. शुद्ध टायटॅनियमची स्फटिकरचना ८८२ अंश सेल्सिअसला पालटते. त्यापुढे धातू मऊ होतो खरा, पण त्याचे स्फटिक वाढू लागतात (सुया त्यांना थोडेफार अडवितात), आणि हवेतील प्राणवायू शोषून पृष्ठभाग ठिसूळ बनतो.

घाव भराभर घालायचे, हे आमचे बाळकडू. येथे ते चालत नाही. टायटॅनियम उष्णतेचा मंद वाहक आहे. घाईने दाबल्यास घडणीतून निघालेली उष्णता एखाद्या पट्ट्यातच कोंडते, तेवढाच पट्टा मऊ पडून घसरतो. म्हणून साचाही तापवितात आणि दाब सावकाश देतात.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढेच. तापलेला गोळा साच्याच्या भोकातून रेटून बाहेर काढला, की सुया त्या दिशेने रांगेत येतात. लांबीच्या दिशेने बळ वाढते, आडवे तितके नाही. म्हणजे घडणीने आकाराबरोबर गुणही येतो. १९९८ साली टोयोटाने अल्तेझा मोटारीच्या इंजिनात अशाच संमिश्राचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसविले.

हे सारे मी वडिलांना सांगितले. त्यांनी विचारले, "ताव कशावरून ओळखतात?"

"तापमापकावरून, आबा."

"आणि पंखा कोण फिरवतो?"